हुकूम नक्की कोणाचा?

१ डिसेंबर १८०५ ची रात्र. मोराव्हियातल्या एका खेड्यात, कुतुझोव्हच्या मुक्कामी रशियन आणि ऑस्ट्रियन सेनानी जमले होते. मध्ये भला थोरला नकाशा पसरलेला. वायरोथर हा ऑस्ट्रियन अधिकारी त्यावर वाकून दुसऱ्या दिवशीच्या लढाईचा बेत वाचून दाखवत होता, तोही जर्मनमधून. लांजरों नावाचा मूळचा फ्रेंच, पण रशियन नोकरीतला सेनानी त्या बैठकीला होता आणि त्याने आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यातले चित्र असे: दोख्तुरोव्ह तेवढा नकाशा बारकाईने पाहतो आहे, मिलोरादोविच गप्प आहे, आणि ज्याच्या नावावर हे सगळे सैन्य आहे तो कुतुझोव्ह डुलक्या काढतो आहे. बैठक मोडली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मग टोल नावाचा एक तरुण अधिकारी तो लांबलचक मजकूर रशियनमध्ये उतरवायला बसला. त्याच्या नकला होऊन ज्याच्या त्याच्या हाती पडेपर्यंत कूच करायची वेळ आली.

सकाळी धुक्यात पायदळ उतरू लागले आणि घोडदळ आडवे आले. लिश्टेनश्टाइनचे घोडदळ रात्री भलत्याच जागी उतरले होते. आता आपल्या नेमल्या जागी जायचे तर त्याला पायदळाच्या रांगा कापूनच जावे लागत होते. या घोळात बराच वेळ गेला. नेपोलियनने प्राट्झनचे पठार घेतले ते नेमके हे पायदळ खाली उतरून गेल्यावर. ऑस्टर्लिट्झची लढाई ती हीच.

या पराभवाचे खापर कोणी वायरोथरच्या डोक्यावर फोडले, कोणी धुक्यावर. मला त्यात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या रात्री त्या खोलीत एकालाही ठामपणे सांगता आले नसते की उद्याचा हुकूम नक्की कोणाचा. कागदावर सरसेनापती कुतुझोव्ह. बेत ऑस्ट्रियनांचा. आणि जवळच दुसऱ्या मुक्कामात, वयाची अठ्ठावीस वर्षे अजून पुरी न झालेला झार अलेक्झांडर, ज्याला लढाई हवी होती. कुतुझोव्हला ती नको होती, पण झारच्या तोंडावर तसे म्हणण्याची त्याची तयारी नव्हती. पुढची दहा वर्षे रशियन लष्कर या एका प्रश्नाभोवती घुटमळत राहिले. त्याने डिव्हिजन बांधल्या, कोअर बांधले, नियमांचे जाड पुस्तक छापले, आणि तरीही तो प्रश्न पुनःपुन्हा दारात येऊन उभा राहिला.

(पुढे दिलेल्या तारखा आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. रशियात त्या काळी चालणारी जुनी दिनदर्शिका १२ दिवस मागे होती, त्यामुळे रशियन पुस्तकांत बोरोदिनोची लढाई २६ ऑगस्टला होते आणि इतरत्र ७ सप्टेंबरला.)

१८०५ सालच्या रशियन फौजेत कायमच्या डिव्हिजनच नव्हत्या. शांततेच्या काळात रेजिमेंटे निरनिराळ्या प्रांतांतल्या 'इन्स्पेक्शन' नावाच्या व्यवस्थेखाली असत. ती व्यवस्था हजेरी-तपासणीची होती, लढाईची नव्हती. लढाई आली की ही रेजिमेंटे उचलायची, त्यांचे कॉलम बनवायचे, आणि प्रत्येक कॉलमवर एक सेनानी नेमायचा. म्हणजे आपल्या हाताखालचे कर्नल कोण, कोणाचा भरवसा धरता येतो, कोणती पलटण चालायला चिवट आहे, हे त्या सेनानीला लढाईच्या दिवशीच कळायचे. १८०६ मध्ये कायमच्या डिव्हिजन केल्या गेल्या, पण त्या अवजड होत्या. पायदळ, घोडदळ, तोफखाना सगळे एकेका डिव्हिजनच्या पोटात, जणू छोटेसे स्वतंत्र सैन्यच. खरी घडी बसली ती १८१० नंतर, बार्कले द तॉली युद्धमंत्री झाल्यावर.

ती घडी कशी होती ते एका डिव्हिजनवरून पाहू. नेवेरोव्स्कीची २७ वी पायदळ डिव्हिजन मॉस्कोत नव्याने उभारली गेली. तिच्यात पायदळाची चार रेजिमेंटे होती: विल्ना, सिंबिर्स्क, ओदेसा आणि तार्नोपोल. त्यांच्या जोडीला ४९ वे आणि ५० वे अशी दोन येगर रेजिमेंटे. येगर म्हणजे विखरून, आडोशाने नेम धरून लढणारे हलके पायदळ. दोन रेजिमेंटांची एक ब्रिगेड, तीन ब्रिगेडींची एक डिव्हिजन. प्रत्येक रेजिमेंटात तीन पलटणी, पण मोहिमेवर दोनच निघायच्या. मधली, म्हणजे दुसरी पलटण मागे राहायची आणि तिच्यातली माणसे पहिल्या व तिसरीच्या खिंडारांत भरली जायची. पलटणीत चार कंपन्या: एक ग्रेनेडियरांची, तीन मस्केटियरांची. कागदावर पलटण सातशेच्या पुढे भरायची, प्रत्यक्षात मोहिमेवर पाचशे-सहाशे भरली तरी कमांडर खूश.

शिवाय प्रत्येक पायदळ डिव्हिजनला एक तोफखाना ब्रिगेड नेमलेली असे. त्यात तीन कंपन्या, एक जड आणि दोन हलक्या, कंपनीगणिक १२ तोफा, म्हणजे एका डिव्हिजनच्या मागे ३६ तोफा. माणसांच्या मानाने इतक्या तोफा त्या काळी युरोपात क्वचितच कोणी बाळगत असे. त्यांतल्या काही तोफांना रशियन लोक 'येदिनरोग' म्हणत, म्हणजे एकशिंगी घोडा. काउंट शुव्हालोव्हच्या कुलचिन्हावर हा प्राणी होता, तो तोफेवर ओतला गेला आणि नाव चिकटले. येदिनरोग ही धड लांब तोफ नाही, धड उखळी तोफ नाही. गोळा, फुटणारा बाँब, छर्रे, तिन्ही तिच्यातून उडवता येत. १८०५ च्या सुमारास अराकचेयेव्हने तोफखान्याची मापे, गाडे आणि सरंजाम यांना एकसारखी शिस्त लावली. माणूस म्हणून अराकचेयेव्हचे कौतुक करणारे रशियात कमीच सापडतील, पण तोफखाना त्याने सुधारला हे त्याचे शत्रूही मान्य करत.

नेवेरोव्स्कीच्या डिव्हिजनमध्ये पुष्कळसे जवान ताजे भरती केलेले. नेपोलियन रशियावर चालून आला तेव्हा, १४ ऑगस्ट १८१२ रोजी, क्रास्नी गावाजवळ तिच्यावर त्याच्या मुरा या सेनानीचे घोडदळ तुटून पडले. तिच्याजवळ त्या दिवशी ३६ नव्हे, डझनाच्या आसपास तोफा होत्या आणि त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. पायदळाने मग दाट घोळके केले आणि स्मोलेन्स्कच्या रस्त्याने, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या आडोशाने, घोडदळाचे हल्ले परतवत माघार घेतली. घोळका फुटला नाही. अशा वेळी कायमच्या डिव्हिजनचे मोल कळते. नवखे जवान, पण महिनोन्महिने त्याच सेनानीच्या हाताखाली कवायत केलेले, मॉस्कोपासून सीमेपर्यंत एकत्र चालत आलेले. ऑस्टर्लिट्झचे रातोरात जुळवलेले कॉलम असे टिकले असते का, शंका आहे.

दोन डिव्हिजनांचा मिळून एक कोअर, काही कोअरांची एक 'आर्मी'. १८१२ च्या उन्हाळ्यात बार्कलेच्या पहिल्या पश्चिम आर्मीत सुमारे सव्वा लाख माणसे होती, बाग्रातिऑनच्या दुसरीत चाळीस-पंचेचाळीस हजार, आणि दक्षिणेला तोरमासोव्हच्या तिसरीत साधारण तेवढीच. डॉन कझाक या सगळ्याच्या आतही होते आणि बाहेरही. त्यांची रेजिमेंटे वेगळी, त्यांचा अतामान प्लातोव्ह वेगळा, आणि त्यांना पायदळाच्या शिस्तीत बसवायच्या भानगडीत शहाणा सेनानी पडत नसे.

पोटाची व्यवस्था मला या सगळ्याहून रंजक वाटते. रशियन जवान पाठीवर तीन दिवसांची 'सुखारी' वागवायचा. सुखारी म्हणजे राईच्या काळ्या पावाचे वाळवून कडक केलेले तुकडे, जे पाण्यात भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नाहीत. आणखी काही दिवसांचा साठा पलटणीच्या गाड्यांवर. त्यापलीकडे कोठारे, आणि कोठारांपलीकडे शेतकऱ्यांच्या बैल-घोड्यांच्या गाड्या. पण जवानाचे रोजचे जेवण चालायचे ते 'आर्तेल'वर. कंपनीतले जवान टोळ्या करून पैसे एकत्र ठेवत, त्यातून कढई, गाडी, घोडा, मांस, मीठ घेत आणि हिशेब ठेवायला आपल्यातलाच एक भरवशाचा माणूस निवडत. पगार तुटपुंजा, नोकरी २५ वर्षांची. घरून निघालेला भूदास बहुधा परत येत नसेच, तेव्हा आर्तेल हेच त्याचे घर. वरच्या छावणीत हुकमाचा घोळ चालू असतानाही पलटणी मोडल्या नाहीत, याचे एक कारण मला या खालच्या कढईत दिसते.

तर आता वरची छावणी. ८ फेब्रुवारी १८१२ रोजी झारने एका मोठ्या नियमावलीवर सही केली. तिचे नाव 'मोठ्या सक्रिय सैन्याच्या व्यवस्थापनाची संस्थापना' अशा धाटणीचे. कव्हर पिवळे, म्हणून तिला 'पिवळे पुस्तक' म्हणू लागले. बार्कलेच्या देखरेखीखाली ती तयार झाली. त्याआधी, नेपोलियनशी झालेल्या तिल्सितच्या तहानंतर, प्योत्र व्होल्कोन्स्की फ्रान्सला जाऊन फ्रेंच लष्करी कचेरी कशी चालते ते पाहून आला होता. ज्याच्याकडून मार खाल्ला त्याचीच वही उतरवून घ्यायला रशियन लाजले नाहीत.

पुस्तकाने सरसेनापतीला दिलेला अधिकार थक्क करणारा होता. तो झारच्या व्यक्तीचा प्रतिनिधी, त्याचा हुकूम म्हणजे झारचा हुकूम. युद्धक्षेत्रातल्या प्रांतांचे गव्हर्नरसुद्धा त्याच्या आज्ञेत. त्याच्या हाताखाली मुख्य कचेरीचा प्रमुख, आजच्या भाषेत चीफ ऑफ स्टाफ. या प्रमुखाने सरसेनापतीच्या नावाने दिलेला हुकूम सरसेनापतीचाच मानायचा.

त्याच्याखाली कामाची दोन मोठी दालने. एक क्वार्टरमास्टर-जनरलचे. नावावरून तंबू-बिछान्यांचे खाते वाटेल, पण तो होता नकाशे, रस्ते, मुक्काम, शत्रूच्या बातम्या आणि लढाईच्या बेताचा धनी. कोणत्या कॉलमने कोणत्या रस्त्याने किती वाजता निघायचे, हे कागदावर आणणारा माणूस तोच. रशियाचा शंभर पानांचा मोठा नकाशा त्या शतकाच्या सुरुवातीलाच छापून झाला होता. त्याच्या पानांवर बोट ठेवून सेना हलायच्या. दुसरे दालन 'कर्तव्यावरच्या जनरल'चे. रोजचा हुकूमनामा, हजेरीपत्रक, पहारे, दवाखाने, कैदी, छावणीचे पोलीस, गाड्यांचा ताफा, सगळे त्याच्याकडे. शिवाय इंजिनिअरांचा आणि तोफखान्याचा स्वतंत्र प्रमुख, आणि रसदीसाठी इंटेंडंट-जनरल. पहिल्या आर्मीचा इंटेंडंट कान्क्रिन जर्मनीतल्या हानाऊचा. पुढे तो वीसेक वर्षे रशियाचा अर्थमंत्री होता. सैन्याच्या भाकरीचा हिशेब ज्याला जमला त्याच्या हाती साम्राज्याची तिजोरी दिली, यात झारांचे चुकले नाही.

या कचेऱ्यांमध्ये किती भाषा चालत ते मोजायला हवे. बार्कले स्कॉटिश मुळाच्या, लिव्होनियातल्या जर्मनभाषी घराण्यातला. बाग्रातिऑन जॉर्जियन राजकुळातला. बेनिग्सेन हानोव्हरचा. दुसऱ्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ सेंत-प्रिए फ्रेंच. सैन्याचा मुख्य वैद्य विली स्कॉट. फूल नावाचा प्रशियन सेनानी रशियात वर्षानुवर्षे राहूनही रशियन शिकला नाही. आणि १८१२ मध्ये रशियन पोशाख चढवून आलेला क्लाउझेविट्झ, युद्धशास्त्रावरचा पुढचा मोठा ग्रंथकार, त्यालाही रशियन येत नसल्यामुळे कचेरीत बसून बऱ्याच गोष्टी नुसत्याच पाहाव्या लागल्या. नोकरीसाठी देश बदलणाऱ्या लढवय्यांचा तो काळच होता. महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा द बॉयनसुद्धा इकडे येण्यापूर्वी काही काळ रशियन नोकरीत होता आणि तुर्कांच्या कैदेत पडला होता.

पिवळ्या पुस्तकात एक कलम मात्र असे होते की त्यावर बाकीचे सगळे तोलून धरलेले. झार स्वतः सैन्यात हजर असेल तर सरसेनापतीचा अधिकार संपतो. झारने तो कायम असल्याचे हुकूमनाम्यात जाहीर केले तरच तो चालू राहायचा. तर्काने पाहिले तर बरोबरच. झार असताना झारचा प्रतिनिधी कशाला? पण ऑस्टर्लिट्झचा प्रश्न सोडवायला लिहिलेल्या पुस्तकात ऑस्टर्लिट्झचीच परिस्थिती छापून ठेवली गेली.

एप्रिल १८१२ मध्ये अलेक्झांडर विल्नाला सैन्यात येऊन बसला. त्याने स्वतःला सरसेनापती म्हणवले नाही आणि बार्कलेलाही मोकळे सोडले नाही. भोवती अराकचेयेव्ह, बेनिग्सेन, फूल आणि काम नसलेले अनेक सरदार, ज्यांना प्रत्येकाला एक बेत सुचत होता. फूलच्या बेताप्रमाणे द्विना नदीकाठी द्रिस्सा इथे मोठी तटबंद छावणी बांधली गेली. सैन्य तिथे पोहोचल्यावर सगळ्यांच्या ध्यानात आले की हा सापळा आहे, आणि तो आपणच आपल्यासाठी बांधला आहे. पहिल्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ मोहीम सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत दोनदा बदलला, तेव्हा कुठे येर्मोलोव्ह आला. शेवटी अराकचेयेव्ह, बालाशोव्ह आणि शिश्कोव्ह या झारच्या भोवतालच्या तिघांनी मिळून झारला पत्र लिहिले. आपण राजधानीत जावे, देशाला आपली तिथे गरज आहे, असा सूर. मागचा अर्थ झारला कळायला हवा तसा कळला. १९ जुलैच्या सुमारास तो पोलोत्स्कहून निघाला. ही तीन माणसे एरवी कितीही सनातनी असोत, त्या एका कागदाने त्यांनी सैन्याला मोकळा श्वास दिला.

पण जाताना झारने एक काम अर्धे ठेवले. दोन्ही पश्चिम आर्म्यांवर मिळून कोण, हे त्याने सांगितले नाही. बार्कले युद्धमंत्री, मोठ्या आर्मीचा सेनापती. पण सेवाज्येष्ठतेत बाग्रातिऑन पुढे. दोघेही १८०९ मध्ये एकाच दिवशी पूर्ण जनरल झाले होते, पण यादीत बाग्रातिऑनचे नाव वर, आणि १८०७ च्या मोहिमेत बार्कले त्याच्या हाताखाली लढलेला. सरकारी कचेरीत ज्येष्ठता यादीवरून होणारी धुसफूस आपल्याला नवी नाही. इथे त्या यादीवर दीड लाख माणसांचे प्राण टांगलेले होते.

३ ऑगस्टला स्मोलेन्स्कला दोन्ही आर्म्या एकत्र आल्या. बाग्रातिऑन भेटायला येतो आहे असे कळताच बार्कलेने कमरेला पट्टा बांधला, टोपी हातात घेतली आणि स्वतः दाराशी सामोरा गेला. ज्येष्ठ माणसाला द्यावा तो मान. बाग्रातिऑन तेवढ्याने विरघळला आणि आपण होऊन बार्कलेच्या आज्ञेत राहायला तयार झाला. ही समजूत फार दिवस टिकली नाही. बार्कले मागे मागे सरकत होता, बाग्रातिऑनला लढायचे होते. येर्मोलोव्ह आणि सेंत-प्रिए, म्हणजे दोन्ही आर्म्यांचे चीफ ऑफ स्टाफ, परस्पर झारला पत्रे लिहीत. त्यांना तशी परवानगीच होती. आपल्या सेनापतीविरुद्ध त्याच्याच कचेरीचा प्रमुख राजाला लिहितो, ही व्यवस्था पिवळ्या पुस्तकात नव्हती. ती झारच्या स्वभावात होती. माणसांवर विश्वास टाकायचा, पण प्रत्येकावर नजर ठेवणारा दुसरा एक नेमायचा.

ऑगस्टच्या मध्यावर पीटर्सबर्गला सहा मोठ्या अधिकाऱ्यांची खास समिती बसली आणि तिने सरसेनापतीपदासाठी कुतुझोव्हचे नाव सुचवले. अलेक्झांडरला कुतुझोव्ह आवडत नव्हता, ऑस्टर्लिट्झपासून तर मुळीच नाही. पण तो १७९८ पासून पूर्ण जनरल होता, नाव रशियन होते, आणि त्याच्या ज्येष्ठतेवर बाग्रातिऑन काय की बार्कले काय, कोणी तक्रार करू शकत नव्हता. २९ ऑगस्टला तो सैन्यात आला. सोबत झारने चीफ ऑफ स्टाफ म्हणून बेनिग्सेन दिला, ज्याला स्वतःलाच सरसेनापतीची जागा हवी होती.

म्हणजे आता दोन मजली कारभार. वर कुतुझोव्ह, बेनिग्सेन आणि क्वार्टरमास्टरच्या कामावर टोल. हो, तोच ऑस्टर्लिट्झच्या रात्री भाषांतर करणारा टोल. खाली बार्कले आणि बाग्रातिऑन आपापल्या कचेऱ्यांसह. वरून हुकूम सुटायचे ते कधी खालच्या मजल्यावरून जायचे, कधी त्याला वळसा घालून थेट कोअरकडे. आपल्या पलटणी आपल्याला न सांगता उचलल्या जातात, अशी बार्कलेची रास्त तक्रार होती.

७ सप्टेंबरच्या बोरोदिनोच्या लढाईत या व्यवस्थेचा कस लागला. लढाईच्या आदल्या दिवशी डाव्या टोकाला तुचकोव्हचा तिसरा कोअर झाडीआड ठेवला होता. शत्रू पुढे सरकला की बाजूने बाहेर पडून त्याला झोडायचे, हा हेतू. बेनिग्सेनला तो हेतू ठाऊक नव्हता, की मान्य नव्हता, याबद्दल मतभेद आहेत. त्याने कोअर उघड्यावर पुढे आणवला. कुतुझोव्हला हे नंतर कळले. सकाळी पोल सैनिकांनी या कोअरवर हल्ला केला आणि तुचकोव्ह प्राणघातक जखमी झाला.

तोफांची कहाणी याहून बोलकी. रशियनांच्या त्या दिवशी सहाशेच्या वर तोफा होत्या आणि त्यांतल्या कितीतरी मागे राखीव. या सगळ्याची किल्ली तोफखान्याचा प्रमुख कुतायसोव्ह याच्या हाती. वय २८ देखील पुरते नव्हते. हुशार, सुसंस्कृत, धाडसी. कुतुझोव्हने त्याला आणि येर्मोलोव्हला डाव्या बाजूची स्थिती सावरायला पाठवले. वाटेत दोघांना दिसले की रशियन फळीच्या मध्यावरचा रायेव्स्कीचा बुरूज फ्रेंचांनी घेतला आहे. मग काय, येर्मोलोव्हने जवळची पलटण घेतली आणि संगिनी लावून चढला. कुतायसोव्हही पायदळ घेऊन घुसला. बुरूज परत मिळाला. कुतायसोव्हचा घोडा रिकामा परतला, त्याचे प्रेत सापडले नाही. आणि त्याच्याबरोबर राखीव तोफा कुठे, किती, कधी पाठवायच्या हा हिशेबही गेला. अनेक तोफा त्या दिवशी वेळेवर कामी आल्या नाहीत. दोन माणसे, एक पहिल्या आर्मीचा चीफ ऑफ स्टाफ, दुसरा तिच्या तोफखान्याचा प्रमुख, एका बुरुजासाठी संगीन घेऊन चढतात याला शौर्य म्हणायचे की जागा सोडून जाणे म्हणायचे? रशियन कवींनी पहिले म्हटले. तोफखान्याच्या इतिहासकारांनी दुसरे, जरा दबक्या आवाजात.

तोच प्रकार बाग्रातिऑनच्या बाबतीत. मातीच्या बुरुजांपाशी त्याच्या पायाला जखम झाली आणि दुसऱ्या आर्मीचे डोकेच हरपले. कोनोव्नित्सिन हा सेनानी जवळ होता, त्याने सैन्य ओढ्यापलीकडे घेतले. कुतुझोव्हने वुर्टेम्बर्गच्या ड्यूकला पाठवले. त्याने पोहोचता पोहोचता कुमक मागितली, तेव्हा त्याला परत बोलावून दोख्तुरोव्हला पाठवले. ऑस्टर्लिट्झच्या रात्री नकाशा बारकाईने पाहणारा तो हाच. दोख्तुरोव्ह एका पडघमावर बसून राहिला आणि फळी सावरली असे सांगतात. बाग्रातिऑन १७ दिवसांनी वारला.

लढाईनंतर सहा दिवसांनी फिली गावच्या झोपडीत युद्धमंडळ बसले. बेनिग्सेन लढाई मागत होता, बार्कले म्हणत होता, मॉस्को सोडा आणि सैन्य वाचवा. कुतुझोव्हने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि माघारीचा हुकूम दिला. पिवळ्या पुस्तकाने त्याला तो अधिकार दिला होता आणि झार शेकडो कोस दूर होता. १८०५ च्या बैठकीत हाच माणूस डुलक्या घेत होता. तेव्हा त्याच्या होकार-नकाराने काही बदलणार नव्हते, म्हणून तो झोपला असावा, असे मला राहून राहून वाटते. तोल्स्तोयने त्याच्या झोपेत फार मोठे तत्त्वज्ञान पाहिले. कचेऱ्या, बेत, नकाशे सगळे व्यर्थ, असा त्याच्या कादंबरीचा रोख आहे. कादंबरी थोर आहे, पण सैन्याची भाकरी, नकाशे आणि तोफांच्या जागा यांच्यावर तिने अन्याय केला आहे.

सप्टेंबरअखेर दोन्ही आर्म्या एकत्र करून एकच 'मुख्य आर्मी' झाली. दोन मजल्यांचा एक झाला. बार्कले कटू मनाने निघून गेला, हिवाळ्याच्या तोंडावर कुतुझोव्हने बेनिग्सेनलाही घालवले, आणि व्होल्कोन्स्की येऊन कचेरीत बसला.

मग कुतुझोव्ह २८ एप्रिल १८१३ ला सिलेसियातल्या बुन्झ्लाऊला वारला आणि जुने भूत परत आले. झारने विट्गेनश्टाइनला सरसेनापती केले. पीटर्सबर्गची वाट राखल्याबद्दल लोक त्याला डोक्यावर घेत होते. पण तोरमासोव्ह, मिलोरादोविच आणि बार्कले तिघेही यादीत त्याच्या वर. शिवाय झार आता सैन्यातच होता. २ मे रोजी ल्युट्झनची लढाई चालू असताना मिलोरादोविचचा कोअर झाइट्झजवळ रिकामा बसून होता, तोफांचा आवाज ऐकत. बाउट्झनला पुन्हा हार झाल्यावर मे महिन्याच्या अखेरीस बार्कलेला परत बोलावून सेना त्याच्या हाती दिली. त्याने शस्त्रसंधीचे दोनेक महिने पलटणींची खिंडारे भरण्यात घालवले. मागे राहणाऱ्या राखीव पलटणींची ती कंटाळवाणी योजना आता फळाला आली.

ऑस्ट्रिया युद्धात उतरल्यावर सरसेनापती ऑस्ट्रियन श्वार्ट्झेनबर्ग झाला आणि त्याच्या छावणीत तीन-तीन राजे येऊन राहिले. पिवळ्या पुस्तकाच्या त्या कलमाला याहून मोठा मैदानी प्रयोग मिळाला नसता. ऑक्टोबरच्या मध्यावर लाइप्झिगपाशी नेपोलियन वेढ्यात आला. श्वार्ट्झेनबर्गच्या कचेरीने बेत मांडला, त्यात सैन्याचा मोठा भाग प्लाइसे आणि एल्स्टर या दोन नद्यांमधल्या चिखलाच्या चिंचोळ्या पट्टीत घालायचा होता. रशियाकडून त्या कचेरीत टोल होता. १८०५ मध्ये त्याने ऑस्ट्रियन बेत मुकाट्याने उतरवून घेतला होता. या वेळी त्याने हरकत घेतली आणि तिथे दाद लागेना तेव्हा ती झारपर्यंत पोहोचवली. अलेक्झांडर बोलला. ऑस्ट्रियन फौजेचे तुम्ही हवे ते करा, रशियन राखीव फौज प्लाइसेच्या उजव्या काठावरच राहील, असा त्याचा आशय.

हुकमाच्या नियमाप्रमाणे पाहिले तर ही सरळ ढवळाढवळ होती. पण १६ ऑक्टोबरच्या दुपारी मुराचे घोडदळ वाखाऊच्या मैदानातून उसळत राजे उभे होते त्या टेकडीच्या जवळ आले. समोर रशियन गार्ड आणि ग्रेनेडियर उजव्या काठावर हजर होते. त्यांच्या मागून सुखोझानेटने शंभराहून अधिक राखीव तोफा दौडत आणल्या आणि एका रांगेत लावल्या.